‘रेयांश’ हे नाव नवं आहे, त्याला ऋग्वेदात बसवू नका

नव्या आईबाबांच्या गटांतून आणि घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘रेयांश’ हे वेदांतलं, हजारो वर्षांचं संस्कृत नाव आहे. त्याचा अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’, शिवाय ‘विष्णूचा अंश’. हे नाव अत्यंत दुर्मीळ आहे, आणि ज्या मुलाला ‘रे’ अक्षर आलंय त्याच्यासाठी जुन्यातलं दुसरं चांगलं नाव मिळतच नाही.

नाव कानाला गोड आहे. ज्या घरात ते ठेवलंय तिथल्या मुलाला ते शोभतच असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो त्यामागे लावलेल्या वंशावळीला. नाव निवडताना आईवडील फार विश्वासानं वाचतात, आजी-आजोबांना अर्थ सांगतात, बारशाच्या पत्रिकेवर तो छापतात. त्या विश्वासाच्या बदल्यात त्यांच्या हाती चुकीची माहिती पडते, आणि खरी माहिती तर जवळच्या ग्रंथालयातल्या कोशांत पडून आहे.

वेदांपासून सुरुवात करू. ऋग्वेदाची १० मंडलं, १०२८ सूक्तं. प्रत्येक शब्द सुटा करून दाखवणारा पदपाठ पूर्वीपासून आहे, आधुनिक शब्दसूच्याही आहेत. त्यामुळे अमुक शब्द ऋग्वेदात आहे की नाही, यावर मतं मांडत बसायची गरज नाही, उघडून पाहायचं. ‘रेयांश’ त्यात नाही. विष्णुसहस्रनामातही नाही. अमरकोशात नाही, मोनियर विल्यम्स यांच्या कोशात नाही, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या वामन शिवराम आपट्यांच्या कोशातही नाही.

यावर कुणी म्हणेल, वेदात ‘रयि’ आहे की! आहे. पहिल्या मंडलाच्या पहिल्याच सूक्तात, तिसऱ्या ऋचेत ‘अग्निना रयिमश्नवत्’ असं येतं. अग्नीमुळे माणसाला धन मिळावं, असा त्याचा भाव. रयि म्हणजे धन, संपत्ती. त्याला ‘अंश’ जोडला तर संधी होऊन ‘रय्यंश’ होईल. त्याच अर्थाचा दुसरा शब्द ‘रै’, तो घेतला तर ‘रायंश’ होईल. दोन्हींचा अर्थ ‘धनाचा वाटा’. सूर्याचा इथे संबंध येत नाही, विष्णूचाही नाही.

आता ‘सूर्याचा पहिला किरण’. या अर्थावरच लोक भाळतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. किरणासाठी संस्कृतात शब्दांची वाण नाही. अमरकोश एका श्लोकात ११ शब्द देतो: किरण, उस्र, मयूख, अंशु, गभस्ति, घृणि, रश्मि, भानु, कर, मरीचि, दीधिति. यात ‘रे’ नाही, ‘रेय’ही नाही. ‘रे’ म्हणजे किरण हे समीकरण इंग्रजीतलं आहे आणि तो शब्द तिथे लॅटिनमधल्या ‘रेडियस’वरून, जुन्या फ्रेंचच्या वाटेनं आला. ‘रेयांश’मध्ये किरण शोधायचाच असेल तर तो इंग्रजी ‘रे’मध्येच सापडतो. मग पुढचा ‘अंश’ संस्कृत आणि मागचा ‘रे’ इंग्रजी, असं हे जोडनाव ठरतं. तसं असायला माझी हरकत नाही, पण मग त्याला ‘हजारो वर्षांचं संस्कृत नाव’ म्हणता येत नाही.

काहींचं उत्तर असं असतं की किरण ‘अंश’मध्येच आहे. इथे ‘अंश’ आणि ‘अंशु’ यांची गल्लत होते. अंशु म्हणजे किरण, अंश म्हणजे भाग. गीतेत हे दोन्ही शब्द आहेत आणि त्यांच्या जागा अगदी वेगळ्या आहेत. दहाव्या अध्यायातल्या २१ व्या श्लोकात ‘ज्योतिषां रविरंशुमान्’ म्हटलंय, म्हणजे प्रकाशणाऱ्यांमध्ये किरणांनी युक्त असा सूर्य मी आहे. पंधराव्या अध्यायातल्या ७ व्या श्लोकात ‘ममैवांशो जीवलोके’, म्हणजे या जगातला जीव हा माझाच अंश आहे. अंशुमान, हिमांशू, सुधांशू, शीतांशू ही सगळी ‘अंशु’ची नावं, तर देवांश, शिवांश, रुद्रांश ही ‘अंश’ची. ‘रेयांश’ला शेवटी उकार नाही, तेव्हा तिथे भागच आहे.

आणि ‘पहिला’ कुठून आला? प्रथम, आद्य, पूर्व, उषा, अरुण, बाल, यांतलं काहीही या नावात नाही. पहाटेचा अर्थ त्यात बाहेरून घातलेला आहे.

‘विष्णूचा अंश’ या दाव्याचं उत्तर छोटं आहे. शिव आणि अंश मिळून शिवांश होतो, देव आणि अंश मिळून देवांश, कारण पहिल्या शब्दाचा शेवटचा ‘अ’ आणि ‘अंश’चा ‘अ’ मिळून ‘आ’ होतो. त्याच चालीनं ‘रेयांश’ फोडला तर हाती लागतो ‘रेय’. विष्णू या अर्थाचा ‘रेय’ असा शब्द संस्कृतात नाही, आणि विष्णूच्या हजार नावांतही नाही. त्या हजारांत सूर्यचंद्राच्या तेजाची नावं मात्र आहेत: सहस्रांशु, चंद्रांशु, भास्करद्युति, गभस्तिनेमि. विष्णू आणि किरण दोन्ही एका नावात हवे असतील, तर ‘सहस्रांशु’ तिथे शतकानुशतकं आहे.

‘एवढी फोडाफोड कशाला, नावच तर आहे’, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी पतंजलींची साक्ष. इसवीसनाआधीच्या दुसऱ्या शतकातलं त्यांचं व्याकरणमहाभाष्य सुरू होतं ते व्याकरण शिकायचं कशासाठी, या प्रश्नावर. तिथे दिलेल्या कारणांत मुलाचं नाव ठेवणं हेही एक आहे. जन्मानंतर दहावा दिवस उलटल्यावर नाव ठेवावं, ते दोन किंवा चार अक्षरांचं असावं, कृत् प्रत्ययानं (धातूला लागणाऱ्या प्रत्ययानं) बनलेलं असावं, तद्धितानं (नामाला लागणाऱ्या प्रत्ययानं) बनलेलं नसावं, आणि व्याकरणाशिवाय कृत् कुठला नि तद्धित कुठला हे कळणार नाही. हा नियम सगळ्यांनी पाळला असं नाही, अर्जुनाच्या नावात तीन अक्षरं आहेतच. पण नाव कसं घडलंय हे पाहणं आपल्या परंपरेत गंभीरपणे घेतलेलं काम आहे. परंपरेचा हवाला देऊन नाव सुचवायचं, तर ही परंपरा वगळून कसं चालेल?

पुढचा बचाव असा की सगळ्या संकेतस्थळांवर हाच अर्थ दिलाय. बाळनावांची बहुतेक संकेतस्थळं कोशाचा पत्ता देत नाहीत, ग्रंथातली ओळही देत नाहीत. एकाचा मजकूर दुसरा उचलतो. पन्नास ठिकाणी तेच वाक्य शब्द न शब्द दिसलं, तर साक्षीदार पन्नास होत नाहीत. याच याद्यांत ‘आरव’ म्हणजे ‘शांत’ असंही सर्रास लिहिलेलं असतं. संस्कृतात ‘आरव’ म्हणजे आवाज, गलका, गर्जना. शांत तो ‘नीरव’. जिथे अर्थ असा उलटा होतो, त्या याद्यांना ‘रेयांश’बद्दल प्रमाण कसं मानायचं?

राहिली दुर्मीळता. भारतात जन्मनोंदणी १९६९ च्या कायद्यानं होते, पण अमेरिकेतलं सोशल सिक्युरिटी प्रशासन जशी बाळांच्या नावांची क्रमवारी दरवर्षी जाहीर करतं, तशी देशभराची यादी आपल्याकडे सरकार काढत नाही. त्यामुळे ‘देशात इतक्यांचंच हे नाव आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर त्याला आधार विचारावा. पालकांसाठीच्या संकेतस्थळांच्या वार्षिक याद्या त्यांच्याकडे नोंद झालेल्या कुटुंबांपुरत्या असतात. पण त्याच याद्यांत ‘रेयांश’ गेली काही वर्षं वरच्या जागांवर आहे. जो मजकूर नावाला ‘दुर्मीळ’ म्हणतो, तोच पुष्कळदा त्याला ‘ट्रेंडिंग’ही म्हणतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. वर्गात एकच असावा म्हणून हे नाव ठेवणाऱ्यांना रेयांश, रियांश, कियांश आणि अव्यांश एकाच हजेरीपटावर भेटण्याची तयारी ठेवावी लागेल.

शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यानं खरी नावं झाकली जातात. ‘रे’ अक्षर बहुधा स्वाती नक्षत्रामुळे येतं. पंचांगात स्वातीच्या चार चरणांची अक्षरं रू, रे, रो, ता अशी आहेत. दुसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलीला रेवती, रेणुका, रेवा चटकन सुचतात, मुलाच्या बाबतीत घर अडतं, आणि नेमका तिथेच हा मजकूर कामाला येतो.

पण मुलांची जुनी नावं आहेत, आणि खुद्द ऋग्वेदातली आहेत. रेभ हा ऋषी. त्याला बांधून पाण्यात टाकलं होतं आणि अश्विनीकुमारांनी बाहेर काढून वाचवलं, ही कथा पहिल्या मंडलातल्या सूक्तांत येते. ‘रेभ’चा अर्थ स्तुती गाणारा. रेणु हा विश्वामित्राचा मुलगा, नवव्या आणि दहाव्या मंडलात त्याच्या नावावर सूक्तं आहेत. नाथपंथाकडे वळलं तर नवनाथांपैकी रेवणनाथ आपल्या मातीतलेच.

आणि सूर्यच हवा असेल, तर रेवंत आहे. विष्णुपुराणात रेवंत हा सूर्य आणि संज्ञा यांचा मुलगा, अश्विनीकुमारांचा सख्खा भाऊ. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची मूर्ती कशी असावी हे सांगितलंय: घोड्यावर बसलेला, शिकारीच्या लवाजम्यासह. शिवाय हे नाव ‘रेवत्’ या वैदिक शब्दाच्या कुळातलं, म्हणजे ‘रयि’ असलेलं, संपन्न. ‘रेयांश’मध्ये ओढूनताणून आणावा लागणारा ‘रयि’ आणि उसना आणलेला सूर्य, दोन्ही रेवंताकडे जन्मजात आहेत. ‘रे’वरून चांगलं नाव नाही असं सांगणाऱ्यानं या नावाकडे पाहिलेलंच नाही.

ज्यांनी मुलाचं नाव आधीच रेयांश ठेवलंय, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. बाहेरून आलेल्या शब्दांची नावं आपण मोठ्या मानानं वागवली आहेत. मालोजीराजांनी शहाजी आणि शरीफजी ही मुलांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली, असं परंपरा सांगते. दौलतराव, गुलाबराव ही फारसीच्या वाटेनं आलेली नावं खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांना कुणी वेदांतला दाखला चिकटवला नाही. मुलानं मोठेपणी अर्थ विचारला तर त्याला सांगावं की तुझं नाव आमच्या काळात घडलं, ‘अंश’वरून नावं ठेवायची तेव्हा फार आवड होती, आणि आम्हाला ते ऐकायला छान वाटलं. हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे.

आणि ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांनी बाराव्या दिवसाच्या धास्तीनं पहिल्या यादीतलं पहिलं नाव उचलू नये. नावरसाचं नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, ही सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कायद्यालाही घाई नाही. जन्माची नोंद वेळेत करून घ्यावी, ती नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या कागदपत्रांपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा मानला जातो, तेव्हा त्यावर जे नाव चढेल त्याचं मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेखन आधी नीट ठरवून घ्यावं.