कृष्णेचं पाणी आणि तालुक्याची सरासरी

पावसाळा लागला की वाईहून भावाचा फोन येतो आणि विषय एकच असतो, महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा सरकारी गट. २४ तासांत मंडळात ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरून पिकाच्या नुकसानीची मदत, नाहीतर नाही. पर्जन्यमापक एका गावात आणि पाऊस कोसळतो दुसऱ्याच शिवारात, हा त्याचा राग मला पूर्ण पटतो. पण शेताचा हिशेब निदान मंडळावर तरी होतो. ओढ्याचा कुठे होतो, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, ओढ्याला कुठं नुकसानभरपाई मिळते?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कॉर्व्हॅलिसला राहते आणि ओढ्यांतल्या माशांवर, पाणकिड्यांवर काम करते. एखाद्या ओढ्यात कोणता जीव तगेल हे ठरवायला काठावरचा पाऊस मोजून भागत नाही. त्या ओढ्याला पाणी देणाऱ्या सगळ्या उतारांवरचा ३० वर्षांचा पाऊस आणि तापमान लागतं. इथल्या राज्य विद्यापीठातला 'प्रिझम' गट डोंगराची उंची, उताराची दिशा, समुद्राचं अंतर लक्षात घेऊन ८०० मीटरच्या चौकोनांत १९९१ ते २०२० ची सरासरी काढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 'स्ट्रीमकॅट' संचात हे हवामान सुमारे २६ लाख ओढ्या-नद्यांच्या तुकड्यांवर बसवलेलं आहे, तेही दोनदा. एकदा तुकड्याच्या स्वतःच्या पाणलोटापुरतं, आणि एकदा वरून येणारे सगळे पाणलोट क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळवून. कुणीही फुकट उतरवून घ्यावं.

ही दुसरी बेरीज का हवी, ते वाईत उभं राहिलं की कळतं. वाईचा पाऊस वर्षाला हजार मिमीच्याही आत. पसरणी घाट चढून ३२ किमीवर महाबळेश्वर, तिथे पाच हजारांच्या वर. वाईच्या कृष्णेत पाणी आहे ते त्या वरच्या पावसाचं, मध्ये धोम धरणात अडून आलेलं. वाई तालुक्याच्या सरासरीतून ही नदी दिसणारच नाही. महाबळेश्वर तालुक्याची सरासरीही तशीच फसवी, कारण त्याच पठारावरून सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते आणि कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेला जातात. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले महाशीर मासे आहेत. ती काळ पुढे सावित्रीला मिळते. त्या माशांना तालुक्याची हद्द काय सांगणार?

पश्चिम घाटातला कोणता भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवायचा, या वादातही आपण हद्दींवरच अडलो. गाडगीळ समितीने तालुक्यांना संवेदनशीलतेच्या पायऱ्या दिल्या, कस्तुरीरंगन समितीने गावं धरली, केंद्राच्या २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यातही गावांच्याच याद्या. लोकांची जमीन, परवानगी, मदत यांसाठी गाव धरणं भाग आहे, हे मला मान्य आहे. इथल्या जंगलात बसून गावाकडच्या सातबाऱ्याला कमी लेखणं मला जमणार नाही. पण पावसाचे चौकोन एकदा नीट बनले, की तेच मंडळावरही मिळवता येतात आणि ओढ्यावरही. एकाचं काढून दुसऱ्याला द्यावं लागत नाही.

अडचण चौकोनांची आहे. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या जाळीवर आहे, म्हणजे एकेका चौकोनाची बाजू सुमारे २७ किमी. सह्याद्रीच्या कड्यावर एवढ्या अंतरात पाऊस पाचपट बदलतो. डोंगरावर पर्जन्यमापक वाढवल्याशिवाय बारीक जाळी म्हणजे नुसता अंदाज, आणि इथल्या कॅस्केड पर्वतातही उंचावर केंद्रं विरळच आहेत.

आणि वर्षाची सरासरी नको, महिन्यांची हवी. ऑरेगनात पाऊस हिवाळ्यात पडतो, इथे ओढा सोसतो तो ऑगस्टच्या उन्हात. आपल्याकडे बहुतेक पाऊस चार महिन्यांत संपतो आणि मासा जगतो की मरतो ते एप्रिल-मेच्या डोहात ठरतं. राज्याची भूजल यंत्रणा महाराष्ट्राचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडून भूजल मोजतेच. त्याच हद्दी घेऊन, वरचं पाणी मिळवून, दर पाणलोटाचा ३० वर्षांचा महिनावार पाऊस आणि तापमान मराठीत खुलं करा. सुरुवात कृष्णा आणि सावित्रीच्या उगमापासून करा.