पंचावन्न फुटांवर केळी

रावेर तालुक्यात मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्या वेबसाइटसाठी मी मार्कडाउनचा पार्सर लिहिला. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच तारे वगैरे खुणा टाकून तो सजवायची पद्धत; पार्सर म्हणजे त्या खुणा वाचून वेबपान करणारा प्रोग्राम. घरचंच काम, म्हणजे फुकट. असे तयार पार्सर ढिगाने पडले आहेत, हे ठाऊक होतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला आणि लाइट गेली, की माणसाला स्वतःच्या हुशारीचा पुळका येतो.

मामांचा पहिलाच मजकूर: 'केळीची लागवड ५*५ फूट किंवा ६*५ फूट अंतरावर करावी.' मार्कडाउनमध्ये दोन ताऱ्यांमधली अक्षरं तिरपी होतात आणि तारे गायब. पार्सरने इमानेइतबारे छापलं: '५५ फूट किंवा ६५ फूट'.

काल सकाळी आबा मोबाइल हातभर लांब धरून दुकानात आले.

"काय रे भो, हे तू लिह्यलं?"

"मामांनी लिहिलं. माझा फक्त पार्सर."

"पार्सल?"

"पार्सर. मजकुराचा अर्थ लावतो."

"अन् हा अर्थ लावला? पंचावन्न फुटावर केयी? मंग मधी काय क्रिकेट खेयाचं?"

युरियाच्या पोत्यांवर बसलेले चौघं खिदळले. आबांना चेव आला. डोळे मिटून, बोटांवर हिशोब. "पाच बाय पाचनं एकरी सतराशे झाडं. तुह्या हिशोबानं... चौदा. चौदा झाडांले ड्रिप टाकू का तांब्यानं पानी घालू?"

हसणाऱ्यांत मामाही होते. ते अजून सलतंय.

आबांना काय सांगणार? जॉन ग्रुबरने २००४ साली मार्कडाउन आणलं, पण काटेकोर व्याकरण दिलंच नाही. जो तो आपापला अर्थ लावत बसला. २०१४ मध्ये काहींनी कॉमनमार्क नावाने नियम बांधले, तर नुसत्या जाड-तिरप्या अक्षरांचेच सतरा. सतरा! सोयरिकीच्या बैठकीतही एवढ्या अटी निघत नाहीत. आणि ते सगळे पाळूनही ५*५ चे पंचावन्नच होतात. बरं, 'मजकूर चुकलाय' म्हणायचीही सोय नाही. मार्कडाउनला काहीही चालतं. शिव्या तेवढ्या पार्सर लिहिणाऱ्याला.

"मामा, ताऱ्याआधी उलटी तिरपी रेघ टाकत जा."

"रेघा मारत बसू का गिऱ्हाईक पाहू? कंप्युटर तू शिकला."

शिकलो, चूक झाली. रात्री दोन वाजेपर्यंत बसून अठरावा नियम घातला: दोन्ही बाजूंना आकडा असेल तर तारा म्हणजे गुणाकार. पाच बाय पाच जागेवर आलं. कोणी शाबासकी दिली नाही, चहाही विचारला नाही.

आज मामांनी खताच्या भावाखाली नवी ओळ टाकली: '* अटी लागू'. ओळीच्या सुरुवातीला तारा आणि जागा आली, की मार्कडाउन ती यादी धरतं. दहाच मिनिटांत फोन.

"भाच्या, अटीवरचा तारा कुठं गेला? अन् हा काळा ठिपका कशाचा?"

मागून आबांचा आवाज आला, "करपा पडला असीन!"