पीआर_कॉन्ट आणि तुटलेली ओळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

पीआर_कॉन्ट म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत आधीची अर्धवट ओळ पुढे लिहिणारा आदेश. तुमचं म्हणणं असं, की लिनक्स ५.१० पासून कर्नल ओळीचे तुटलेले तुकडे स्वतःच जोडतो, म्हणून ‘ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये) पीआर_कॉन्ट वापरू नका’ हा माझ्या लेखातला सल्ला जुना झाला. आणि ‘तुकडे हरवतात’ हे तर चूकच. दुसरं मान्य. तुकडा हरवत नाही. लेखातलं ते वाक्य आजच दुरुस्त केलं.

पहिलं मात्र पटत नाही. नवा रिंग बफर (कर्नल नोंदी साठवतो ती जागा) तुकडा जोडतो, पण बफरमधली शेवटची नोंद त्याच टास्कची, म्हणजे त्याच चालू कामाची (इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरने मधेच करायला लावलेल्या कामात असाल तर त्याच सीपीयूची) आणि अर्धवट राहिलेली असेल तरच. मधे दुसऱ्याची एक ओळ घुसली, की उरलेला भाग वेगळी नोंद होऊन बसतो.

ही ओळ घुसते तरी कधी? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, शेतावरच्या रास्पबेरी पायला (छोट्या कॉम्प्युटरला) मी ओलाव्याचा सेन्सर लावला आहे. थ्री-फेज लाइन आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज डाउन होतं. सेन्सर चुकतो तो तेव्हाच, आणि यूएसबी सुटते तीही तेव्हाच. माझा ड्रायव्हर लूपमध्ये एकेक बाइट छापायचा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, आलं ते असं:

ओलावा: चूक, बाइट ०० ४१ ७एफ
यूएसबी १-१.३: डिस्कनेक्ट
०३ एफएफ ०० १२ ९ए

खरा घोळ लेव्हलचा, म्हणजे नोंद किती गंभीर ते सांगणाऱ्या आकड्याचा आहे. पहिली ओळ एरर, म्हणजे ३. सुट्या पडलेल्या तुकड्याला स्वतःची लेव्हल नसते. त्याला डिफॉल्ट मिळते, सहसा ४, म्हणजे वॉर्निंग. त्या रात्री मी फक्त एररच्या ओळी वेगळ्या काढून पाहत होतो, आणि शेवटचे पाच बाइट यादीत नव्हतेच. ‘हरवतात’ हा शब्द तिथून आला.

कर्नलच्या हेडरमधली (कोडच्या घोषणांच्या फाइलमधली) टीपही माझाच सल्ला देते: हे ओळ पुढे चालू ठेवणं फक्त बूटच्या सुरुवातीला, कोअर आणि आर्किटेक्चर कोडने वापरावं, एरवी एकापेक्षा जास्त सीपीयू असले की ते सुरक्षित नाही. ५.१ पासून प्रत्येक ओळीपुढे टास्क किंवा सीपीयूचा नंबर छापायचा पर्याय आहे. त्याने तुकडे डोळ्यांनी जुळवता येतात, लेव्हल मात्र परत मिळत नाही.

मी लूपच काढला. प्रिंटकेच्या (कर्नलच्या छापायच्या फंक्शनच्या) फॉरमॅटमध्ये ६४ बाइटपर्यंतचा बफर एका दमात हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) छापायची सोय आहे. आता आठही बाइट एकाच पीआर_एररमध्ये, म्हणजे एरर लेव्हलने छापणाऱ्या एकाच आदेशात जातात.