अर्निका मलम आणि ‘साइड इफेक्ट शून्य’

सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज परवा तिसऱ्यांदा आला: “मुका मार, काळंनिळं, अंगदुखी, सगळ्यावर अर्निका मलम. दोन दिवसांत डाग गायब. होमिओपॅथिक आहे, साइड इफेक्ट शून्य. जखमेवरही चालतं. डॉक्टरकडे धावायची गरज नाही.” पाठवणाऱ्या काकूंचा हेतू चांगलाच आहे, पण मजकूर चुकीचा आहे.

“दोन दिवसांत डाग गायब.” मुक्या मारात कातडीखाली रक्त साकळतं आणि शरीर ते हळूहळू शोषून घेतं. म्हणून डाग जांभळ्याचा हिरवट, मग पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो, मलम लावा की नका लावू. 2010 च्या एका छोट्या प्रयोगात 20 टक्के अर्निका असलेल्या मलमाने लेझरने उठवलेले काळेनिळे डाग पेट्रोलियम जेलीपेक्षा लवकर फिकटले, हे मान्य. पण ‘गायब’ नाही.

“अंगदुखीवर रामबाण” हेही कुणीतरी खाली जोडलंय. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात पोटऱ्यांना व्यायामाचा ताण देऊन अर्निका आणि औषध नसलेलं नकली मलम यांची तुलना केली. 24 तासांनंतर अर्निकाच्या बाजूला दुखणं जास्त निघालं.

“होमिओपॅथिक, म्हणून साइड इफेक्ट शून्य.” इथे मात्र थांबून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुतेक वेळा ‘मदर टिंक्चर’ किंवा ‘क्यू’ असतं, म्हणजे विरळ न केलेला अर्क. 30सी पोटेन्सीत, म्हणजे तीस वेळा शंभरपट विरळ केल्यावर, मूळ वनस्पतीचा एक रेणूही उरत नाही. तसलं औषध अपाय करणार नाही, पण मग गुण कशाने येणार? आणि मलमात अर्क असेल तर त्यात अर्निकातलं हेलेनालिन हे रसायनही येतं. ते कातडीला खाज, पुरळ, फोड आणू शकतं. अर्निका झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली. आपल्याकडचं गाजरगवतही त्याच कुळातलं, आणि त्याच्या ॲलर्जीमागेही याच जातीची रसायनं असतात. शेतात गाजरगवत उपटताना ज्यांच्या हाता-मानेला चट्टे उठतात, त्यांनी हे मलम लावू नये.

“जखमेवरही चालतं.” अजिबात नाही. फाटलेल्या कातडीवर अर्निका लावायचं नसतं.

“डॉक्टरकडे धावायची गरज नाही.” हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. माझी आई हृदयाचे ठोके अनियमित असल्याने वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेते. तिच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला; कुठे आपटल्याचं आठवेना. शेजारून आलेली ट्यूब आम्ही आठ दिवस लावली. मग दुसऱ्या दंडावर डाग आला, आणि एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. रक्त तपासलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप; जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) 6 च्या वर. तिला तो 2 ते 3 च्या मध्ये हवा. डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवून डोस कमी केला, तेव्हा नवे डाग यायचे थांबले.