शेजारी राष्ट्राला जमीन कशी मिळवून द्यावी

सीमेचा वाद जिंकावा कसा, हे सांगायला वकिलांच्या फौजा तयार असतात. हरावं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. ज्याने त्याने आपापल्या अकलेने हरायचं. ही गैरसोय दूर करण्यासाठी हे चार शब्द. तुमच्याकडे एक वादग्रस्त हद्द, एक चिकाटीचा शेजारी आणि भाषणांची हौस एवढं असलं की पुरे. बाकीचं हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय बघून घेईल.

सुरुवात नकाशापासून करा. समोरच्याने नकाशा काढून पाठवला की तो तहाच्या मजकुराशी ताडून बघायच्या भानगडीत पडू नका. आभार माना, आणि जमलं तर जास्तीच्या प्रती मागवा. कंबोडियाच्या सीमेवरच्या प्रेआ विहार देवळाच्या बाबतीत सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, नेमकं हेच केलं. १९०४च्या तहाप्रमाणे तिथली सीमा जलविभाजक रेषेने, म्हणजे जिथून डोंगराचं पाणी दोन बाजूंना वाहतं त्या रेषेने, जायची होती. थायलंडच्या म्हणण्यानुसार त्या रेषेने कड्यावरचं देऊळ त्यांच्याकडेच येत होतं. पण तेव्हा कंबोडिया फ्रान्सच्या अंमलाखाली होतं, आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या आणि पॅरिसमध्ये छापलेल्या नकाशात ते कंबोडियात गेलं. नकाशे सयामला पोचले. राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानले आणि प्रांतांच्या गव्हर्नरांना पाठवायला आणखी पंधरा प्रती मागितल्या. १९३०मध्ये हेच राजपुत्र देवळात गेले, तेव्हा फ्रान्सचा झेंडा फडकत होता आणि फ्रेंच अधिकारी यजमान म्हणून सामोरा आला. त्यावरही सयामकडून निषेधाची एक ओळ गेली नाही. १९६२मध्ये न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाला दिलं. डोंगराचं पाणी कोणत्या बाजूला वाहतं, हे तपासायची न्यायालयाला गरजच वाटली नाही. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते खोटं नाही. फक्त अर्थ शेजाऱ्याचा साधतो.

पत्रांचा विषय त्याहून सोपा. शेजाऱ्याने साळसूदपणे ‘त्या खडकाबद्दल जरा माहिती हवी होती’ असं विचारलं, की फाइल कार्यवाहक सचिवाच्या टेबलावर ढकला. सिंगापूरच्या वसाहत सरकारने १९५३मध्ये पेद्रा ब्रांका या खडकाळ बेटाबद्दल असंच विचारलं होतं. शेजारच्या जोहोरच्या (आज हे मलेशियातलं राज्य) कार्यवाहक सचिवाने एका वाक्यात उत्तर दिलं: जोहोर सरकार पेद्रा ब्रांकावर मालकी सांगत नाही. संपलं. २००८मध्ये न्यायालयाने बेट मुळात जोहोरचं होतं हे मान्य केलं, आणि तरीही १९८०पर्यंत ते सिंगापूरकडे गेलेलं होतं असा निकाल दिला. त्या सचिवाला असं लिहायचा अधिकारच नव्हता, हा मलेशियाचा युक्तिवाद टिकला नाही. तेव्हा असं उत्तर धाडण्याआधी कायदा खात्याचा अभिप्राय मुळीच घेऊ नका. जावक क्रमांक टाका आणि जेवायला जा.

वहिवाटीचे पुरावे गोळा करताना भव्यदिव्य तेवढं बघा. आरमाराची गस्त, प्राचीन राजे, मच्छीमारांच्या पिढ्या. कासवाच्या अंड्यांसारख्या क्षुल्लक बाबी शेजाऱ्यासाठी सोडा. बोर्निओजवळच्या लिगितान आणि सिपादान बेटांच्या खटल्यात इंडोनेशियाने आरमार आणि मच्छीमार पुढे केले. मलेशियाने काढले कासवाची अंडी गोळा करण्याचे नियम, १९३३चं पक्षी-अभयारण्य आणि दोन दीपस्तंभ. २००२मध्ये सोळा विरुद्ध एक मतांनी दोन्ही बेटं मलेशियाला. कारण रुक्ष आहे. मच्छीमार आपल्या पोटासाठी जातो, सरकारच्या वतीने नाही; आणि गस्तीच्या कागदांत त्या बेटांवर हक्क सांगितल्याचं काही दिसेना. अंडी कुणी, किती उचलायची याचा नियम मात्र तिथे राज्य करणाराच काढतो. इंग्लिश खाडीतल्या मिंकिए आणि एक्रेहो या खडकांसाठी ब्रिटन आणि फ्रान्स मध्ययुगापर्यंत मागे गेले होते. १९५३चा निकाल फिरला तो तिथे आकारलेल्या करावर, आणि वाहून आलेल्या प्रेतांचे पंचनामे कुणी केले यावर.

हे सगळं राहून गेलं असेल तर वाद पेटल्यावर घाईने करा: झेंडा, चौकी, टपाल तिकीट. लिगितान-सिपादानचा वाद १९६९चा. अशा तारखेनंतर नव्याने केलेला खटाटोप न्यायालय धरत नाही. जुन्या कारभाराचाच तो सुरळीत पुढचा भाग असेल तरच बघतं. वरातीमागून घोडं धाडायची यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही.

कागद कमीच पडले तर कतारचा कित्ता आहे. बहारीनविरुद्धच्या खटल्यात कतारने जोडलेल्या ब्याऐंशी दस्तऐवजांवर बहारीनने बनावटपणाचा आक्षेप घेतला, आणि शेवटी कतारनेच ते विचारात घेऊ नयेत असं कळवलं. २००१मध्ये हवार बेटं बहारीनकडे राहिली.

निकाल लागला की वाचू नका, आधी विजय जाहीर करा. इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्या सीमा आयोगाने एप्रिल २००२मध्ये निकाल दिला. ज्या बादमे गावावरून युद्ध पेटलं, ते कुणाकडे गेलं हे त्यावरून चटकन कळत नव्हतं. इथिओपियाने ते आपल्याला मिळाल्याचं सांगून टाकलं. गाव एरिट्रियाकडे गेल्याचं पुढे स्पष्ट झालं, तेव्हा खांब रोवायचं काम अडलं. आयोगाने अखेर अक्षांश-रेखांशांची यादी दोघांच्या हातात ठेवली, वर्षभर वाट पाहिली आणि २००७मध्ये सीमा कागदावरच आखली गेल्याचं मानून गाशा गुंडाळला. इथिओपियाने निकाल पूर्णपणे मान्य करत असल्याचं जाहीर केलं ते २०१८मध्ये.

हेगचा निकाल झुगारायचा विचार असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ९४ बघून ठेवा. तक्रार सुरक्षा परिषदेकडे जाते, आणि तिथे नकाराधिकारवाला एखादा मित्र असला की झोप छान लागते. अपील नाहीच. फेरविचार मागता येतो, पण निकालावेळी माहीत नसलेली निर्णायक गोष्ट सापडली तरच. सापडल्यापासून सहा महिन्यांत आणि निकालापासून दहा वर्षांच्या आत. मलेशियाने पेद्रा ब्रांकासाठी २०१७मध्ये, दहा वर्षं भरायच्या आत, असा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला. तुम्हीही करा. फक्त तो नवा कागद कुठे सापडला हे आधी बघा. तुमच्याच दप्तरखान्यात पडून असेल तर त्याला अज्ञान नाही, हलगर्जीपणा म्हणतात, आणि न्यायालयाच्या संविधीच्या कलम ६१प्रमाणे तो चालत नाही.