मागचा ब्रेक गेलाय? जाऊ द्या की!

बाइकच्या मागच्या ब्रेकचं पॅडल पार खाली जातंय आणि गाडी आपल्याच नादात पुढे चाललीय? घाबरू नका. गॅरेजमध्ये तर मुळीच जाऊ नका.

आधी मागच्या चाकाजवळ, रॉडच्या टोकाचा नट दोन आटे आवळा. पुढल्या महिन्यात आणखी दोन. रॉडचे आटे संपेपर्यंत काळजी नाही. ड्रमवर, म्हणजे चाकाच्या मधल्या ब्रेकच्या डब्यावर, एक बारीक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपलीकडे गेला की आतले शू, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे तुकडे, संपले, असं कंपनीने सांगून ठेवलंय. त्यावरचा चिखल पुसू नका. आपलं इंदूर शहर स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून बाणही स्वच्छ हवा, असं थोडंच आहे?

कुईकुई आवाज येतो? ड्रममध्ये ऑइल सोडा. आवाज बंद. ब्रेकही बंद, पण आवाज नक्की बंद.

डिस्क ब्रेक असेल तर त्यातल्या फ्लुइडकडे बघूच नका. ते हवेतली ओल पितं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं म्हणे. तुम्ही ओंकारेश्वरला निघा, भेरूघाट उतरताना पाय पॅडलवरून काढू नका. ओल धरलेलं फ्लुइड तापून उकळलं, नळीत वाफ झाली, की पॅडल कसं लोण्यासारखं मऊ लागतं!

चपला जाड तळाच्या घ्या.

आणि काहीच जमलं नाही तर समोरच्यावर जाऊन थांबा. परवा पलासियाच्या सिग्नलला एका भियाने, म्हणजे आमच्या इंदुरी भैयाने, हाच उपाय माझ्यावर केला. लाल दिवा होता, मी उभा होतो. टेललाइट फुटला, नंबरप्लेट दुमडली, मी हँडलवर आपटलो. हेल्मेट त्याच्या आरशाला लटकलेलं. म्हणतो कसा, "अंकल, ब्रेक ई नी लगा." जणू ब्रेक शेजाऱ्याचा होता! वर मलाच, "आप एकदम रुक क्यों गए?" लाल दिव्यावर थांबलो, चुकलंच माझं. लोक जमले, "जाने दो अंकल, बच्चा है." दाढी आलेला बच्चा! कधीपासून लागत नाही, विचारलं तर "होली से ऐसा ई है." होळीपासून! गणपती येऊन बसले, तरी हा तसाच गावभर फिरतोय, मागे बहिणीला बसवून!

अरे, नट आवळून शूवरचे झिजलेले लायनर परत उगवतात का? पॅडल दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त सैल लागलं तर आवळ, पण बाण पुढे गेला की शू बदल. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांना घेऊन एकदा खातोस ना, तेवढ्यात येते शूची जोडी. पुढचा ब्रेक आहे म्हणतोस? वाळूवर तो एकटा करकचून दाब, पुढचं चाक घसरलं की कळेल मागचा कशाला दिलाय ते. कॉलेजात शिकतोस, मोबाइलला स्क्रॅच गेला तर त्याच दिवशी काच बदलून आणतोस, आणि ब्रेकला होळी ते गणपती? लाज नाही वाटत? चल, गाडी ढकल. ढकलतच ने गॅरेजपर्यंत, बसायचं नाही वर.