‘एकच प्रेस, सगळी काडतुसं’: दादाला आलेल्या मेसेजला उत्तर

कराडच्या माझ्या चुलतभावाने, दादाने, गेल्या रविवारी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “डिसेंबरात येतेस ना? बॅगेत एक प्रेस टाक.” त्याच्याकडे .30-06 रायफल आहे, रीतसर परवान्याची. मी कोलोरॅडोत राहते आणि गेली बारा वर्षं माझी रायफलची काडतुसं स्वतः भरते, म्हणून त्याने मला सांगितलं. मेसेज थोडक्यात असा: कोणताही रीलोडिंग प्रेस (उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायचं, दांड्याने चालणारं यंत्र) घ्या, सगळी मोठी काडतुसं त्यावर भरता येतात, अगदी .50 सुद्धा. दांडा जड गेला तर त्यावर पाइप चढवा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दांड्याच्या एकाच फेरीत सगळी कामं करणारा प्रेस, घेतला तर वजनकाट्याचीही गरज नाही. आणि प्रेस हे साधं अवजार आहे, पान्यासारखं, त्यामुळे भारतात न्यायला परवाना लागत नाही. दोनच दिवसांत आमच्या इथल्या एका मराठी ओळखीच्या माणसानेही तोच मेसेज मला दाखवला. आता गप्प बसवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यापायी माणूस तुरुंगात जाईल. 1959च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 2 उघडून बघा. ‘दारूगोळा’ म्हणजे काय हे सांगताना तिथे काडतुसांबरोबर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हेही शब्द स्पष्ट लिहिले आहेत. म्हणजे रिकामा, कधीही न वापरलेला प्रेससुद्धा कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. तो बनवायला कलम 5 आडवं येतं, परदेशातून आणायला कलम 10. आणि विनापरवाना बनवण्याची शिक्षा 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 25मध्ये किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप; विनापरवाना आणण्यालाही त्याच कलमात तुरुंगवास आहे. दादा, तुझा परवाना रायफल आणि तिची काडतुसं बाळगण्याचा आहे, काडतुसं बनवण्याचा नाही. माझ्याकडे तर भारतातला कोणताच परवाना नाही, आणि विमानतळावर बॅग उघडली जाईल ती माझी. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, धंदा म्हणून विकायला लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने इथली अर्धी गोष्ट उचलली आणि तिकडे चिकटवली.

आता पाइपचं. हा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात एकही पुंगळी साइझ केलेली नसावी.

काडतूस उडालं की पितळी पुंगळी फुगते. ती डायमध्ये, म्हणजे प्रेसमध्ये आट्यांनी बसवलेल्या साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची, एवढंच प्रेसचं सगळ्यात कष्टाचं काम. त्यासाठी प्रेसला कंपाउंड लिंकेज असतं: दांडा जसजसा खाली येतो तसतशी त्याची ताकद वाढत जाते, आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे पुंगळी सर्वात जास्त अडते, तिथे ती सर्वाधिक असते. .300 विंचेस्टर मॅग्नमची पुंगळीसुद्धा चांगल्या प्रेसवर मी एका हाताने साइझ करते. दांडा अडला तर काहीतरी चुकलंय हे प्रेस तुम्हाला सांगत असतो. बहुतेक वेळा वंगण लावलेलं नसतं, किंवा डाय दुसऱ्याच काडतुसाचा असतो, किंवा पुंगळी शेलहोल्डरमध्ये (तिचं बूड धरून ठेवणाऱ्या खाचेत) तिरकी बसलेली असते. लॅनोलिनचं वंगण बोटाने अंगभर पातळ फिरवा, मान (गोळी बसते तो वरचा अरुंद भाग) आणि खांदा (मानेखालचा उतार) यांच्यावर जवळपास नको, तिथे साचलं की खांद्याला पोचा पडतो. पाइप चढवलात तर शेलहोल्डर पुंगळीची कड फाडून खाली येतो आणि पुंगळी डायमध्येच अडकते. मग तिच्या बुडाला भोक पाडायचं, आटे पाडायचे आणि बोल्टने खेचून काढायची. पहिल्या वर्षी हे मी एकदा केलंय, घाईत एका पुंगळीला वंगण लावायचं राहिलं होतं. अख्खी संध्याकाळ गेली. आणि ती तर नुसत्या हाताच्या जोरावर अडकली होती, पाइप नव्हता.

पण खरा धोका तिथे नाही. पुंगळी जोराने हवी त्यापेक्षा जास्त आत दाबली गेली की तिचा खांदा मागे सरकतो. तो एक-दोन हजारांश इंच मागे गेला तर ठीक, तेवढं गेजने मोजून घ्यायचं असतं. जास्त गेला तर रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, पुंगळीला मोकळी जागा मिळते, आणि बार उडताना बुडाच्या जरा वर पितळ ताणलं जातं. दोन-चार वेळा वापरल्यावर तिथे चकचकीत कडं दिसायला लागतं. पुढच्या एखाद्या बाराला पुंगळी तिथेच तुटते. .30-06मध्ये कमाल दाब चौरस इंचाला 60,000 पौंड धरलेला आहे. तो वायू रायफलच्या बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाच्या) बाजूने मागे येतो, आणि मागे तुमचा चेहरा असतो. दांड्यावर हाताला जाणवणारा जोर हीच तुमच्याजवळची पहिली सूचना, आणि पाइप नेमकी तीच पुसून टाकतो.

‘.50 सुद्धा’ या दाव्याला नुसतं मोजमाप पुरेसं आहे. नेहमीच्या प्रेसमध्ये डायचे आटे सात-अष्टमांश इंचाचे, म्हणजे 22.2 मिलिमीटर. .50 बीएमजी, म्हणजे मेसेजमधलं ते ‘.50’ काडतूस, त्याच्या पुंगळीचं बूड 20.4 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरसुद्धा उरत नाही, आणि त्यातच बाहेरून आटे कापायचे. असा डाय बनूच शकत नाही. म्हणून त्याच्यासाठी दीड इंची आट्यांचे वेगळे प्रेस निघाले. शिवाय भरलेलं काडतूस 138 मिलिमीटर लांब, आणि साध्या प्रेसचं तोंड चार इंचांच्या आसपास, म्हणजे साधारण 100 मिलिमीटर. शेलहोल्डरही वेगळा, प्रायमरही (दारू पेटवणारी बुडातली टोपी) वेगळा, नेहमीच्या लार्ज रायफल प्रायमरपेक्षा कितीतरी मोठा.

प्रोग्रेसिव्हबद्दल थोडंच. पिस्तुलाची किंवा .223ची काडतुसं शेकड्याने भरायची असतील तर तो उत्तमच. पण मोठ्या रायफलची दारू बहुधा काडीसारख्या लांब दाण्यांची असते. ती दारू मोजून टाकणाऱ्या मापातून नीट घसरत नाही, मध्येच अडते, दाणे कापले जातात, आणि प्रत्येक माप थोडं वेगळं पडतं. शिवाय दांड्याच्या एकाच फेरीत साइझ, प्रायमर, दारू, गोळी अशी चार कामं चालतात, त्यामुळे कोणतं अडलं ते हाताला कळत नाही. वजनकाटा नको म्हणणाऱ्याच्या शेजारी मी रेंजवर उभी राहणार नाही. मी प्रत्येक भरण तोलते, ते छापील पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघते, आणि दारू पुंगळीत पडल्यावर टॉर्चने आत डोकावते.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये अर्धी खरी आहे, ती मान्य करावी लागेल. ‘एकच प्रेस पुरतो’ हे .50 सोडलं तर बऱ्याच अंशी बरोबर आहे. जाड बिडाचा, बंद चौकटीचा, ओ आकाराचा सिंगल स्टेज (एका फेरीत एकच काम करणारा) प्रेस .308पासून .375 एच अँड एच आणि .338 लापुआपर्यंत सगळं निभावतो. आरसीबीएसचा रॉक चकर, रेडिंगचा बिग बॉस, लीचा क्लासिक कास्ट, यांतला कोणताही चालेल. पण त्याआधी तुमच्या सर्वात लांब काडतुसाची लांबी मोजा. .338 लापुआ 93.5 मिलिमीटर भरतं, आणि रॅम (पुंगळी वर-खाली नेणारा प्रेसचा खांब) खाली असताना गोळी पुंगळीच्या तोंडावर टेकवायला बोटांनाही जागा हवी. पुढून उघडा, सी आकाराचा, अॅल्युमिनियमचा हलका प्रेस पिस्तुलाला ठीक, मोठ्या पुंगळीला तो वाकतो आणि प्रत्येक पुंगळीचा खांदा वेगळ्या जागी बसतो. आणि प्रेसपेक्षा बेंचकडे बघा. माझा पहिला बेंच पातळ प्लायचा होता, दांडा ओढला की अख्खी फळी उचलली जायची, आणि मी महिनाभर दोष डायला देत होते.

इथल्या त्या ओळखीच्या माणसाला मी जुना, वापरलेला बिडाचा प्रेस शोधायला सांगितलंय. रॅम हलवून बघायचा, आडवा ढिलेपणा जाणवला तर घ्यायचा नाही. बिडाच्या प्रेसला वरवरचा गंज असेल तर चालतो, तो तेलाने निघतो.

दादा, तुझ्यासाठी मी कलम 2चं पान पाठवलंय. तो मेसेज तू ज्या तिघांना पुढे पाठवलास, त्यांनाही ते आजच पाठव.